बिनमालकाचा कारखाना

कारखाना म्हटला की तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. मालक, यंत्र आणि कामगार. यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते. कामगार आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. पण मालकच कारखान्याला टाळे लावून निघून गेला तर? यंत्र जागेवर आहे, कामगार दाराशी उभा आहे, बाजारात मालाला गिऱ्हाईकही आहे. मग कारखाना का चालू नये?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर साधे नाही. एका कारखान्यातील कामगारांनी हे उत्तर स्वतः शोधून काढले. त्यांची हकीगत या पाठात आम्ही सांगणार आहोत. ती सावकाश वाचा. एका बैठकीत संपली नाही तरी चालेल. आकडे आले की थांबा, बोटावर मोजा आणि मग पुढे जा.

१. गाव कोठले, कारखाना कशाचा

दक्षिण अमेरिका नावाचा एक मोठा खंड आहे. त्याच्या दक्षिण भागात अर्जेंटिना हा देश आहे. आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिकडे थंडी असते. तिथले लोक स्पॅनिश भाषा बोलतात. या देशात नेउकेन नावाचा एक प्रांत आहे, आणि त्याच्या मुख्य शहराचे नावही नेउकेनच. तिकडची जमीन कोरडी, वारा फार. जमिनीखाली मात्र तेल आणि गॅस भरपूर.

या शहराच्या कडेला १९८० च्या सुमारास एक मोठा कारखाना उभा राहिला. त्याचे नाव झानोन. मूळ इटली देशातून आलेल्या एका उद्योगपतीने तो काढला, म्हणून त्याच्या आडनावावरून हे नाव पडले. तिथे लादी तयार होई. घरात जमिनीवर आणि न्हाणीघराच्या भिंतीला जी गुळगुळीत लादी बसवतात, तीच ही. कोणी तिला टाईल म्हणतात, कोणी फरशी म्हणतात.

लादी कशी होते ते कुंभाराच्या घरी गेलेल्या माणसाला लगेच कळेल. कुंभार माती भिजवतो, मळतो, घडवतो, वाळवतो आणि आव्यात भाजतो. कारखान्यातही तेच. फक्त मळायला माणसाचे पाय नसतात, यंत्र असते. माती पाण्याबरोबर बारीक दळतात. ती वाळवून तिची भुकटी करतात. ती भुकटी साच्यात घालून यंत्राने जोरात दाबली की पातळ वडी तयार होते. तिच्यावर रंग आणि काचेसारखा लेप चढवतात. मग गॅसच्या लांबलचक भट्टीतून ती पुढे पुढे सरकत जाते आणि हजार अंशांहून जास्त उष्णतेत भाजून निघते. शेवटी तडा गेलेली लादी बाजूला काढतात आणि चांगली खोक्यात भरतात.

हा कारखाना अर्जेंटिनातील या धंद्यातल्या फार मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. उभारणीला सरकारकडून पैशाची मदतही मिळाली होती. पुढे आणखी कर्जे घेतली गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

२. टाळे लागले

कारखान्यात काम वेगाने चाले, आणि वेग वाढला की अपघातही होत. २००० साली २२ वर्षांचा एक तरुण कामगार कामावर असतानाच दगावला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून कामगार चिडले. त्यांनी नऊ दिवस संप केला. निदान रुग्णवाहिका तरी कारखान्यात हवी, एवढे साधे मागणे त्यांना संप करून मिळवावे लागले.

२००१ साली पगार थकू लागले. महिना भरला तरी पैसे हातात पडेनात. कामगार विचारीत, मालक म्हणे, धंदा बसला. मग ऑक्टोबर २००१ मध्ये भट्टी विझवण्यात आली. फाटकाला टाळे लागले. याला टाळेबंदी म्हणतात. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतो. हा फरक ध्यानात ठेवा.

कामगार कोर्टात गेले. न्यायाधीशांनी कागदपत्रे पाहिली आणि ही टाळेबंदी कायद्याला धरून नाही असा निकाल दिला. कामगारांचे पगार थकले आहेत, तेव्हा कारखान्यात पडून असलेल्या मालापैकी ४० टक्के माल विकून ते वसूल करावेत, असेही सांगितले. ४० टक्के म्हणजे शंभर खोक्यांतली चाळीस खोकी.

तरीही फाटक उघडले नाही. नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस कामावरून काढल्याची पत्रे घरोघर आली. कामगारांनी ती पत्रे सरकारी कचेरीपुढे नेऊन जाळली. पोलिसांनी त्यांना हुसकावले.

त्याच सुमारास साऱ्या देशाची घडी विस्कटली. डिसेंबर २००१ च्या सुरुवातीला बँकेतून स्वतःचेच पैसे काढण्यावर कडक मर्यादा आली. लोक रस्त्यावर उतरले. १९ आणि २० डिसेंबरला मोठा उठाव झाला आणि देशाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्या वर्षी काम मागणाऱ्या दर पाच माणसांत एकाहून अधिक माणसे बेकार होती. अशा वेळी दुसरी नोकरी शोधायची म्हटली तरी ती मिळणार कोठे? जवळ एक बंद कारखाना, दोन हात आणि थकलेल्या पगाराचा कागद. एवढेच काय ते उरले.

३. गाव करी ते राव न करी

कामगारांनी कारखान्याबाहेर तंबू ठोकले. आळीपाळीने पहारा ठेवला. आतील यंत्र कोणी काढून नेऊ नये, ही मुख्य काळजी. यंत्र गेले तर काम कायमचे गेले. पुढे ते आत जाऊन राहिले. तोडफोड केली नाही. उलट यंत्रे पुसून ठेवली.

पण रोजचे पोट कसे भरायचे? कोर्टाने परवानगी दिलेल्या मालातल्या लाद्या ते विकत. शिवाय गावाने हात दिला. कोणी पीठ दिले, कोणी भाजी दिली. शेजारी एक तुरुंग होता. तिथल्या कैद्यांनी आपल्या जेवणातला वाटा या कामगारांना पाठवला. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यानेही आपल्या ताटातले काढून दिले. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. ही म्हण त्या लोकांना ठाऊक नसेल, पण तिचा अर्थ त्यांना पुरता कळला होता.

लोकांनी मदत का केली? एक कारण माणुसकीचे. दुसरे कारण व्यवहाराचे. कारखाना बंद पडला की एकटा कामगार उपाशी राहत नाही. किराणा दुकानदाराची उधारी बुडते. मालमोटार हाकणाऱ्याला भाडे मिळत नाही. शाळेतली पोरे गळतात. कारखाना हा गावच्या विहिरीसारखा असतो. ती आटली की सगळ्यांचेच घडे रिकामे राहतात.

४. भट्टी पुन्हा पेटली

पडलेला माल विकून विकून किती दिवस निघणार? कामगारांनी सभा घेतली आणि ठरवले, कारखाना आपणच चालवू. मार्च २००२ मध्ये सुमारे २६० कामगारांनी उत्पादन सुरू केले.

आता खरी परीक्षा होती. साहेब लोक आणि बरेचसे तंत्रज्ञ निघून गेले होते. भट्टीवरच्या माणसाला भट्टी कळत होती, दाबयंत्रावरच्या माणसाला दाबयंत्र. पण माती कोणाकडून घ्यायची, गॅसचे बिल कधी भरायचे, लादीची किंमत काय ठेवायची, हे कोणी कधी केलेच नव्हते. जी कामे बंद खोलीत होत, ती आता सगळ्यांच्या अंगावर आली. शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. तिथल्या विद्यापीठातील काही मंडळी मदतीला आली. जो कालपर्यंत खोकी भरत होता, तो आज खरेदीची वही लिहू लागला.

मातीची अडचण तर मोठीच. त्या भागात मापुचे नावाचे आदिवासी लोक राहतात. ते तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या जमिनीत लादीला लागणारी माती होती. त्यांनी ती कामगारांना दिली. कामगार हे उपकार विसरले नाहीत. त्यांनी मापुचे लोकांच्या नक्षीची लादी काढली आणि त्या लाद्यांना त्यांच्याच भाषेतली नावे दिली.

पहिल्या महिन्यात सुमारे २० हजार चौरस मीटर लादी निघाली. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा म्हणजे एक चौरस मीटर. एका एकरात सुमारे चार हजार चौरस मीटर मावतात. मग २० हजार म्हणजे किती एकर? भागाकार करा. सुमारे पाच एकर. एवढे रान लादीने झाकून जाईल इतका माल पहिल्याच महिन्यात निघाला. पुढे काही वर्षांनी महिन्याला तीन लाख चौरस मीटरपर्यंत मजल गेली. त्याचे एकर किती होतात, ते तुम्हीच काढा.

५. कारभार कसा चाले

मालक नाही तर हुकूम कोण देणार? कामगारांनी ठरवले की सगळ्यांत मोठी सभा. सभेत प्रत्येकाला एक मत. जुना असो की नवा, भट्टीवरचा असो की झाडलोट करणारा, मत एकच.

कारखान्याचे विभाग होते. प्रत्येक विभागाने आपल्यातला एक माणूस निवडला. त्याला समन्वयक म्हणत. समन्वयक म्हणजे कामाचा मेळ घालणारा. हा मुकादम नव्हे. मुकादम वरून नेमला जातो, समन्वयक खालून निवडला जातो. त्याने नीट काम केले नाही तर सभा त्याला परत आपल्या जागेवर पाठवी. समन्वयक वरचेवर एकत्र बसत आणि कामाचा हिशेब जुळवीत.

महिन्यातून एक दिवस साऱ्या कारखान्याची मोठी बैठक होई. त्या दिवशी कामाचे तास चर्चेला दिले जात. किती माल निघाला, किती विकला, कोणाचे किती देणे आहे, पुढच्या महिन्यात काय करायचे, हे सगळे उघड बोलले जाई. तुम्ही म्हणाल, एक दिवस काम बुडवून नुसते बोलत बसायचे? त्यांच्या मते तो दिवस बुडत नव्हता. तो पेरणीचा दिवस होता. सगळ्यांनी मिळून ठरवलेले काम पुढचे दिवस सुरळीत चाले.

सुरुवातीला पगार सगळ्यांना सारखा ठेवला. प्रत्येकी ८०० पेसो. पेसो म्हणजे तिकडचा रुपया. पुढे जबाबदारी आणि जुनेपणा पाहून थोडा फरक केला, पण तो थोडाच. वागणुकीचे नियमही सभेनेच लिहून मंजूर केले. बाहेरून लादलेला नियम माणूस चुकवतो. स्वतः हात वर करून मंजूर केलेला नियम मोडताना त्याला लाज वाटते.

कामाचा वेग बेताचा ठेवला. अपघात पुष्कळ कमी झाले. माल खपू लागला तेव्हा कामगारांपुढे दोन वाटा होत्या. जादा पैसे आपसांत वाटून घ्यायचे, किंवा आणखी माणसांना काम द्यायचे. त्यांनी बेकार लोकांच्या संघटनांतून नवी माणसे घेतली. २६० चे पुढे ४५० च्या वर झाले.

लादी दवाखान्यांना आणि शाळांना दान दिली. जवळच नुएवा एस्पान्या नावाची गरीब वस्ती होती. तिथले लोक वर्षानुवर्षे आरोग्य केंद्र मागत होते. कामगारांनी ते बांधून दिले. गावाने अडीअडचणीला दिलेले पीठ अशा रीतीने फिटले.

६. हिशेबाची गोष्ट

आता थोडे थांबू आणि एक छोटे उदाहरण घेऊ. ते कल्पनेतले आहे, पण गणित खरे आहे.

समजा, पाच जणांनी मिळून तेलाचा घाणा चालवायला घेतला. महिन्याची जमा १,००,००० रुपये झाली. वीज २५,०००, दुरुस्ती ८,०००, जागेचे भाडे ७,०००. एकूण खर्च ४०,०००. शिल्लक ६०,०००. पाच जणांत वाटले तर प्रत्येकी १२,०००.

आता एक जण म्हणाला, "सगळे वाटून टाका. घरी लग्न आहे." दुसरा म्हणाला, "मोटार जुनी झाली आहे. दहा हजार बाजूला ठेवू." दहा हजार राखून ठेवले तर वाटायला ५०,००० उरतात. प्रत्येकी १०,००० मिळतात. महिन्याला दोन हजारांची झळ लागते.

बरोबर कोणाचे? लग्नही खोटे नाही आणि मोटारही खोटी नाही. पण मोटार जळाली आणि राखीव पैसा नसला, तर पुढच्या महिन्यात पाचांनाही काही मिळणार नाही. मालक होता तेव्हा हा विचार मालक करी. बरा करी की वाईट, ते सोडा. आता मालक नाही, म्हणजे हा विचार प्रत्येकाने करायचा. मालकी हवी तर मालकाची डोकेदुखीही घ्यावी लागते.

आणि या पाचांपैकी दोघांनाच हिशेब वाचता येत असला तर? मग तिघे त्या दोघांच्या तोंडाकडे पाहणार. ते दोघे सज्जन असले तर ठीक. नसले तर पाचांचा घाणा दोघांचा व्हायला किती वेळ लागतो? म्हणून आम्ही म्हणतो, सहकाराचे पहिले भांडवल पैसा नव्हे. सगळ्यांना कळेल असा उघडा हिशेब हे पहिले भांडवल.

७. पण कारखाना दुसऱ्याचा ना?

इथे कोणीतरी विचारील, "गुरुजी, कारखाना मालकाने काढला. तो दुसऱ्यांनी बळकवायचा, हा कुठला न्याय? ही तर आयत्या बिळावर नागोबाची गोष्ट झाली."

शंका योग्य आहे. ती टाळून पुढे जाता येणार नाही. दुसऱ्याची वस्तू घेऊ नये, हे आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले. तेव्हा दोन्ही बाजू पाहू.

मालकाची बाजू अशी: पैसा त्याने घातला, जोखीम त्याने घेतली. धंदा तोट्यात गेला तर तो बंद करण्याचा त्याला हक्क असावा. ज्यांनी कारखान्याला कर्ज दिले त्यांचेही पैसे परत मिळायला हवेत.

कामगारांची बाजू अशी: कारखान्यात सरकारी मदतीचा, म्हणजे लोकांचाही पैसा होता. आमच्या केलेल्या कामाचा पगार थकला. तोही एक प्रकारचा उधार माल आहे, आम्ही तो आधी देऊन बसलो. टाळेबंदी बेकायदा, असे कोर्टानेच सांगितले. यंत्रे गंजत ठेवून कोणाचेच कर्ज फिटत नाही. ती चालली तरच काही फिटेल.

हा तंटा काही वर्षे चालला. कारखाना रिकामा करा, असे हुकूम निघाले. ८ एप्रिल २००३ रोजी कामगारांना बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला. त्या दिवशी हजारो लोक फाटकापुढे येऊन उभे राहिले. शिक्षक आले, दवाखान्यातले कर्मचारी आले, बायाबापड्या आल्या. कारखाना रिकामा झाला नाही.

पण कामगारांनी ओळखले की गर्दीच्या जोरावर कायम राहता येत नाही. गर्दी आज येईल, उद्या येईल, रोज कशी येणार? कागद हवा. म्हणून २००४ मध्ये त्यांनी रीतसर सहकारी संस्था नोंदवली. तिचे नाव फासिनपात. 'मालकाविना कारखाना' या अर्थाचे जे स्पॅनिश शब्द आहेत, त्यांची पहिली अक्षरे घेऊन हे नाव केले. २००५ मध्ये कोर्टाने या संस्थेला काही मुदतीपुरता कारखाना चालवण्याची परवानगी दिली. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी. शेवटी ऑगस्ट २००९ मध्ये प्रांताच्या विधानसभेने कारखाना संपादन करून सहकारी संस्थेकडे सोपवण्याचा कायदा मंजूर केला. आपल्याकडे रस्त्यासाठी किंवा धरणासाठी सरकार जमीन संपादन करते ना, तसाच हा प्रकार. धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, भरपाई देण्याची तरतूदही केली.

भट्टी पेटवल्यापासून कायदा होईपर्यंत सात वर्षांहून अधिक काळ गेला. म्हणजे हा नागोबा आयत्या बिळात शिरला नाही. त्याने पगार बुडवून घेतला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी कायद्याच्या दारातून आत आला. तरीही तुम्हांला मालकाची बाजू अधिक पटली तर वर्गात तसे बोला. पटलेले बोलण्यासाठीच वर्ग असतो.

८. सगळे गोड नाही

सहकार आला म्हणजे दुःख संपले, असे सांगणारा माणूस तुम्हांला भेटला तर सावध राहा. फासिनपातच्या कामगारांनाही पुढची वर्षे जड गेली. यंत्रे जुनी झाली. नवी घ्यायला कर्ज मिळणे कठीण. २०१६ नंतर गॅस आणि विजेचे दर फार वाढले. भट्टीला गॅस तर हवाच. बाजारात मोठे कारखाने स्वस्त माल आणीत. सभेतही वाद होत. भांड्याला भांडे लागणारच. हा कारखाना देशात एकटा नव्हता. अर्जेंटिनात अशा रीतीने कामगारांनी चालवायला घेतलेले कारखाने, छापखाने, हॉटेले वगैरे मिळून २०१८ च्या सुमारास जवळजवळ ४०० होते, आणि त्यांत सुमारे १५ हजार माणसे काम करीत होती.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला आहे. मुंबईत कुर्ल्याला कमानी ट्यूब्ज नावाचा कारखाना होता. तिथे तांब्या-पितळेसारख्या धातूंच्या नळ्या तयार होत. १९८५ मध्ये तो बंद पडला. कामगारांनी हाय खाल्ली नाही. त्यांच्या संघटनेने कारखाना चालवण्याची योजना तयार केली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९८८ मध्ये ती योजना मंजूर झाली आणि कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हाती आला. आपल्या देशात ही मोठीच घटना होती. सुरुवातीची काही वर्षे कारखाना बरा चालला. पुढे भांडवल अपुरे पडले, तोटा वाढला आणि तो टिकला नाही.

मग तो प्रयत्न फुकट गेला का? आम्हांला तसे वाटत नाही. बंद कारखाना कामगार पुन्हा सुरू करू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. पण सुरू करणे वेगळे आणि टिकवणे वेगळे. सुरू करायला हिंमत पुरते. टिकवायला राखीव पैसा, नवे यंत्र, बाजाराची माहिती आणि रोजचा हिशेब लागतो.

९. आपण काय घ्यावे

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात लादीचा कारखाना नाही, मग हे वाचून काय उपयोग? पण दूध सोसायटी आहे ना? विकास सोसायटी आहे, बचत गट आहे. कोणी साखर कारखान्याचे सभासद असेल. प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून सहकार हा शब्द आपल्या घरातलाच झाला आहे. तिथे मालक ऊस पिकवणारा शेतकरी. झानोनमध्ये मालक भट्टीवरचा कामगार. एवढाच फरक. बाकी नियम एकच.

या सर्व संस्थांची वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते. सभासदाला अहवाल मिळतो. पुष्कळ घरांत तो अहवाल न वाचता माळ्यावर जातो, किंवा त्यात पोरांच्या वह्यांना पुठ्ठे घातले जातात. सभेत चहा होतो, हात वर होतात आणि "मंजूर, मंजूर" म्हणून मंडळी घरी येतात. मग वर्षभर पारावर कुरकुर चालते की चेअरमनने असे केले आणि सेक्रेटरीने तसे केले.

आता तुम्हांला अक्षरे येतात. आकडेही येतात. या खेपेला अहवाल उघडा. तीन गोष्टी शोधा. एक, वर्षात जमा किती आणि खर्च किती. दोन, राखीव निधी गेल्या वर्षी किती होता आणि यंदा किती आहे. तीन, येणे किती आणि देणे किती. न कळेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि सभेत उठून विचारा. आवाज थोडा कापेल. कापू द्या. नेउकेनच्या कामगारांचाही पहिल्या सभांत कापला असेल. उत्तर मिळाले नाही तर शेजारच्या सभासदाला सांगा, पुढच्या वेळी दोघे मिळून विचारा.

अंगठा उमटवणाऱ्याला सभासद करता येते, पण त्याला मालक करता येत नाही. मालक तोच, ज्याला आपला हिशेब वाचता येतो.

वर्गात बोला

१. संप आणि टाळेबंदी यांत फरक काय?

२. तीन लाख चौरस मीटर म्हणजे सुमारे किती एकर? (एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर धरा.)

३. समन्वयक आणि मुकादम यांत काय फरक आहे?

४. तेलघाण्याच्या उदाहरणात तुम्ही असता तर किती पैसे राखून ठेवले असते? का?

५. कारखाना मालकाचा की कामगारांचा? दोन गट करा. एकाने मालकाची बाजू मांडा, दुसऱ्याने कामगारांची. दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मधे बोलू नका.

६. तुमच्या दूध सोसायटीचा किंवा बचत गटाचा मागच्या वर्षीचा अहवाल वर्गात आणा. त्यातला राखीव निधीचा आकडा शोधून मोठ्याने वाचा.